डब्यावरची तारीख आणि डब्यातली पूड

दिवाळी तोंडावर आली की घरोघर झाडलोट सुरू होते, आणि त्या झाडलोटीत धुळीइतकेच विसरलेले डबे बाहेर पडतात. वैशाखात पाहुण्यांसाठी आणलेले संत्र्याच्या सरबताचे पाकीट, धाकट्याच्या परीक्षेच्या दिवसांत घेतलेली माल्टच्या पेयाची बरणी, कुणाच्या तरी तापात आणलेला ग्लुकोजचा पुडा, चहाला दूध कमी पडले तर असू द्यावी म्हणून ठेवलेली दुधाची भुकटी. आणि औषधांच्या खणात, जुन्या चिठ्ठ्यांखाली, जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, दोन पाकिटे. प्रत्येकावर एक तारीख छापलेली असते आणि ती बहुधा उलटून गेलेली असते. मग घरात दोन पक्ष पडतात. सासूबाई म्हणतात, "अगं, साखर का कधी नासते?" सूनबाई म्हणतात, "आई, तारीख गेली म्हणजे गेली. उगाच पोटाशी खेळ नको." डबा मात्र ओट्यावर तसाच बसून राहतो.

मी नंदुरबारला राहतो. बरीच वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे आळीतली मंडळी असला डबा घेऊन निवाड्यासाठी माझ्याकडे येतात. शेजारच्या आजीबाई तर दारातूनच पाकीट उंच धरून आमच्या अहिराणीत विचारतात, "भाऊ, हाई चाली का?" प्रश्न एवढासा, पण त्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. चालेल की नाही हे पुडीत काय आहे, ती कुठे राहिली आणि कोण पिणार आहे, या तीन गोष्टींवर ठरते. तारीख ही त्यानंतरची चौथी गोष्ट.

आणि आमच्याकडे हा प्रश्न नुसत्या काटकसरीचा नाही. पुण्या-मुंबईचा माणूस शंका आली की पाकीट फेकतो आणि जिना उतरून नवे आणतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला आमचा जिल्हा निराळा आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती साडेसोळा लाखांच्या आसपास भरली आणि तिच्यात शेकडा ६९ आदिवासी. धडगाव-अक्कलकुव्याकडे सातपुड्याच्या कुशीत विखुरलेल्या पाड्यांवर दुकान म्हणजे डोंगर उतरून जाण्याची गोष्ट. तिथे हाताशी असलेले पाकीट हेच एकमेव पाकीट असू शकते. ते द्यावे की फेकावे, या निर्णयावर कधी कधी एखाद्या लेकराची रात्र अवलंबून असते. म्हणून या विषयावर चार शब्द सविस्तर लिहावेत असे मनात आले.

तारखा दोन प्रकारच्या

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. डब्यावर दोन प्रकारच्या तारखा आढळतात आणि लोक त्यांना एकच समजतात. एक असते 'बेस्ट बिफोर', म्हणजे 'या तारखेपूर्वी उत्तम'. दुसरी 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय', म्हणजे 'या तारखेपर्यंतच वापरा'. पहिली तारीख चवीची, वासाची, रंगाची हमी देते. ती उलटली तरी आतला माल खाण्याजोगा असू शकतो. उत्तम राहिलेला नसेल एवढेच. दुसरी तारीख उलटली की मालाची सुरक्षितताच गृहीत धरता येत नाही, आणि तो विकणे हा गुन्हा ठरतो.

आपल्या देशात २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. पुढे २०२० साली लेबलांचे नवे नियम आले. त्यांनी वापराची अंतिम तारीख छापणे सक्तीचे केले, आणि 'बेस्ट बिफोर' हा शब्दप्रयोग हवा तर जोडीला छापावा एवढ्यापुरता ठेवला. त्यामुळे कपाटाच्या तळाशी फार जुने पाकीट सापडले तर त्यावर नुसते 'बेस्ट बिफोर' दिसेल. अलीकडच्या पाकिटावर अंतिम तारीख असेल. डबा हातात घेतल्यावर आधी हे शब्द वाचावेत, मग आकडे. आकडे सगळेच वाचतात. शब्द वाचण्याचे कष्ट मात्र थोडेच घेतात.

मिरचीच्या पथारीवरचा धडा

आता पूड मुळात टिकते कशी? याचे उत्तर शोधायला प्रयोगशाळेत जायला नको. नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या हंगामात एक फेरी मारली तरी पुरे. बाजारात आलेली ओली लाल मिरची मोकळ्या रानात पसरतात. त्या जागेला आमच्याकडे पथारी म्हणतात. लांबून पाहावे तर कुणी तांबडी जाजमे अंथरल्यासारखी वाटतात. तिथल्या एका जुन्या जाणत्या माणसाला मी विचारले, "मिरची वाळली हे कळते कसे?" त्याने एक मिरची उचलली, कानाशी नेली आणि हलवली. आतले बी खुळखुळले. "वाजली म्हणजे वाळली," तो म्हणाला, "आणि वाजली नाही तर पोत्यात भरू नये. पोत्यात ओल गेली की बुरशी आलीच." अवकाळी पावसाची एक सर पथारीवर आली तर व्यापाऱ्याच्या पोटात गोळा उठतो तो याचसाठी. ओलसर मिरचीवर जी बुरशी धरते, तिच्यातली एक जात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृताला घातक असते, आणि फोडणीच्या आचेने जात नाही.

पेयाच्या पुडीचा न्याय हाच. जंतूंना आणि बुरशीला वाढायला पाणी लागते. पदार्थात त्यांच्या उपयोगाला येईल असे पाणी किती आहे, हे मोजायला शास्त्रज्ञांनी ० ते १ असे माप केले आहे. शुद्ध पाणी १. हे माप ०.६ च्या खाली गेले की कोणताही जंतू, कोणतीही बुरशी वाढू शकत नाही. चांगल्या कोरड्या पुडीचे माप ०.६ च्या पुष्कळ खाली असते. म्हणून ती नासत नाही. तेव्हा सासूबाईंचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हे.

पण वाढत नाहीत याचा अर्थ मेलेले असतात असा मात्र नव्हे. काही जंतू कोरड्या पुडीत महिनोन्महिने निपचित पडून राहतात; काही तर बीजाणूंचे कवच घालून बसतात. पाणी मिळाले की ते जागे होतात. यातून व्यवहाराचा एक नियम निघतो: पुडीत पाणी घातले की डब्यावरची तारीख संपली आणि घड्याळ सुरू झाले. कालवलेले दुधाचे पेय उन्हाळ्यात तासाभरात प्यावे. सकाळचे संध्याकाळी देऊ नये. नव्याकोऱ्या डब्यातली पूड गढूळ पाण्यात कालवली तर तारखेचा काय उपयोग? पुडीपेक्षा पाण्याने आजारी पडणारेच अधिक.

कोणत्या पुडीचे काय होते

सगळ्या पुड्या सारख्या नसतात. संत्र्याच्या, लिंबाच्या, आंब्याच्या चवीची जी सरबताची पूड मिळते, तिच्यात मुख्यतः साखर, सायट्रिक आम्ल, रंग आणि सुगंध. चरबी नाही, दूध नाही. तारीख दोन-चार महिने उलटली तरी पाकीट बंद आणि पूड सुटी असेल, तर मोठ्या माणसाने ती प्यायल्याने अपाय होण्याचे कारण नाही. वास उडालेला असेल, रंग फिका पडलेला असेल, आणि वर मिरवलेले 'क' जीवनसत्त्व पुष्कळसे गेलेले असेल. मात्र या पुडीला ओल फार लवकर लागते. साखर एकटी असली तर बरीच दमट हवा सोसते. तिच्यात सायट्रिक आम्ल मिसळले की दोघे मिळून लवकर पाझरतात. पुडीची वडी झाली आणि ती चमच्याने फुटली तर एक वेळ चालेल. पण पूड चिकट झाली, पाझरली, तिच्यावर ठिपके दिसले की ती मोरीत ओतावी.

दुधाच्या भुकटीची गोष्ट वेगळी. आमच्या नवापूरचे रेल्वे स्थानक निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे, इतका गुजरात आम्हाला जवळचा. आणि या भुकटीचा आपल्या देशातला मोठा पराक्रम त्याच गुजरातेत घडला. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही, असे परदेशातले जाणकार सांगत. आणंदला हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली, आणि तिथल्या नव्या दुग्धालयाचे उद्घाटन ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. दूध आटवायचे, मग गरम हवेत त्याचे तुषार उडवायचे; तुषार खाली पडेपर्यंत कोरडे होतात. शेवटी पाणी उरते शेकडा पाचाच्या आत. साय काढलेल्या दुधाची भुकटी त्यामुळे बराच काळ टिकते. सायीसकट केलेल्या भुकटीत मात्र शेकडा २६ किंवा अधिक स्निग्धांश असतो, आणि स्निग्ध पदार्थाचा वैरी हवा. हवा लागली की तो खवट होतो. त्याला पाणी लागत नाही, जंतू लागत नाहीत. म्हणून अशा भुकटीची परीक्षा नाकाने करावी. जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा रंगाच्या तेलासारखा वास आला, पांढरी पूड पिवळट-तपकिरी झाली, कोमट पाण्यात नीट विरघळेनाशी झाली, की तिची चिकाटीने बासुंदी करण्याच्या फंदात पडू नये.

माल्टच्या पेयांत धान्य, दूध, साखर आणि कधी कोको असे सगळेच येते. ही पूड ओल ओढण्यात पहिली. बरणीच्या तळाशी तिची जी दगडासारखी ढेप बसते ती आपण सर्वांनी सुरीच्या टोकाने खरवडली आहे. कोरडी ढेप ही ओल आत शिरल्याची खूण. एवढ्यावरून विष झाले असे नाही. पण तारीख उलटलेली असेल आणि ढेपही बसली असेल, तर दोन साक्षीदार एकच सांगत आहेत असे समजावे.

आणि आपले घरचे सातूचे पीठ? त्यावर कुणी तारीख छापत नाही. पण आपल्या आज्यांनी त्याचे नियम घालून दिलेलेच होते: धान्य खमंग भाजायचे, बेताचेच दळायचे, डबा कडक उन्हात वाळवून भरायचा, ओला चमचा घालायचा नाही, आणि जाळी धरली किंवा पोरकिडा दिसला की मोह सोडायचा. सगळे नियम ओलीविरुद्धचेच.

'थंड व कोरडी जागा' कुठे आहे?

डब्यावर तारखेच्या शेजारी बारीक अक्षरांत एक वाक्य असते: 'थंड व कोरड्या जागी ठेवा.' तारखेचे वचन या अटीवर दिलेले असते. अट मोडली की वचनही मोडले. आता ही थंड व कोरडी जागा आहे कुठे? अंटार्क्टिकात नक्की आहे. माल्टच्या दुधाची पूड करणाऱ्या विल्यम हॉर्लिक यांनी अमेरिकन दर्यावर्दी बर्ड यांच्या मोहिमेला मदत केली म्हणून तिथल्या एका पर्वतरांगेलाच हॉर्लिकचे नाव मिळाले आहे. तिथे ठेवलेली पूड तारखेला हसेल. नंदुरबारात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहून वर जातो. श्रावणात सातपुड्याच्या पाड्यांवर भिंतीला हात लावला तरी ओल लागते. उष्णता दहा अंशांनी वाढली की रासायनिक बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. म्हणजे जी पूड थंड कोठारात वर्षभर टिकली असती, ती पत्र्याखाली काही महिन्यांतच थकते.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. तारीख उलटलेली प्रत्येक पूड वाईट नसते हे जितके खरे, तितकेच तारीख न उलटलेली प्रत्येक पूड चांगली नसते हेही खरे. शहरातल्या काटकसरी गृहिणीला पहिल्या सत्याचा उपयोग; आमच्या डोंगराळ भागाला दुसऱ्या सत्याचा. आठवडे बाजारात उन्हात टांगलेल्या पाकिटांच्या माळेवर तारीख पुढच्या वर्षाची असली तरी आधी पाकीट दाबून पाहावे, मिरचीसारखे कानाशी हलवून पाहावे. आत पूड खुळखुळली तर बरे. तारखेवर दुसरी चिठ्ठी डकवलेली दिसली किंवा आकडे पुसून नवे उमटवलेले वाटले, तर ते पाकीट फुकटातही घेऊ नये. आणि गप्प न बसता अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.

जिथे हुज्जत घालू नये

एवढे सांगून झाल्यावर आता तीन ठिकाणी माझा सूर बदलतो. तिथे वास, रंग, खुळखुळाट या परीक्षा पुरेशा नाहीत. तिथे तारीख पाळायचीच.

पहिले ठिकाण तान्ह्या बाळाच्या दुधाची भुकटी. पहिले सहा महिने आईचेच दूध, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि १९९२ च्या कायद्याने अशा भुकटीच्या जाहिरातींना पायबंदही घातला आहे. पण काही कारणाने डॉक्टरांनी ती द्यायला सांगितली, तर ते बाळाचे एकुलते एक अन्न असते. आपण सरबतातले जीवनसत्त्व गमावले तर भाजीतून मिळवू. बाळ कुठून मिळवणार? अमेरिकेत खाद्यपदार्थांवरच्या तारखांबाबत केंद्रीय कायदा बराच सैल आहे. पण बाळाच्या भुकटीवर तारीख घालणे तिथेही सक्तीचे आहे. तेव्हा तारीख गेली की डबा गेला.

दुसरे ठिकाण जलसंजीवनी. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा त्यांनी साखर, मीठ आणि सोड्याची पूड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून ती पाण्यात कालवून पाजायला लावली. तिथला मृत्यूचा आकडा शेकडा ३० वरून शेकडा ४ च्या आत आला. जगात आजवर निघालेल्या पुड्यांत हिच्याइतके जीव दुसऱ्या कुठल्या पुडीने क्वचितच वाचवले असतील.

या पुडीची पुढची हकिगत आपल्या विषयाला फारच लागू आहे. जुन्या पाकिटातला खाण्याचा सोडा दमट, उष्ण हवेत ग्लुकोजशी भांडे आणि पूड तपकिरी पडे. ज्या देशांत हगवण अधिक, त्याच देशांत हवा दमट! म्हणून १९८४ पासून सोड्याऐवजी सायट्रेट घालावे असे ठरले. पूड अधिक टिकाऊ झाली. आजच्या पाकिटात एक लिटर पाण्यासाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९, अशी एकूण २०.५ ग्रॅम पूड असते. हे प्रमाण म्हणजेच औषध. पाकिटाला भोक पडून ओल शिरली, पूड पाझरली किंवा अर्धी चिकटून राहिली की प्रमाण बिघडते. म्हणून अर्धी पुडी आज, अर्धी उद्या असे करू नये. सबंध पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालावी आणि चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यावे.

तारीख उलटलेले पाकीट घरात असेल तर आजारपणाची वाट न पाहता आजच बदलून घ्यावे. आशाताईंकडे, आरोग्य उपकेंद्रात ते विनामूल्य मिळते. पावसाळ्यात पाड्याची वाट तुटण्यापूर्वी दोन ताजी पाकिटे घरात हवीत. आणि ऐन रात्री जुन्या पाकिटाखेरीज काही नसेलच, तर? तर हात जोडून बसू नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे. मूल मलूल झाले, पिईनासे झाले, शौचात रक्त दिसले, तर उजाडण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

तिसरे ठिकाण अंगणवाडीतून मिळणारे घरपोच आहाराचे पाकीट. पीठ, साखर, डाळ आणि वरून घातलेली जीवनसत्त्वे अशी ही पूड. तीही खवट होते, तिलाही किडा लागतो. ती ज्याच्यासाठी असते ते मूल आधीच तोळामासा प्रकृतीचे. हे पाकीट कुणाची मेहेरबानी नव्हे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकांना, गरोदर स्त्रियांना आणि स्तनदा मातांना दिलेला तो हक्क आहे. तेव्हा पाकीट हातात आले की तारीख वाचावी. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्यावी, आणि उलटलेली असेल तर सेविकाताईंना शांतपणे परत करून दुसरे मागावे.

दान करताना

शेवटी एक गोष्ट थोडी कडू आहे, पण सणाच्या तोंडावरच सांगायला हवी. दिवाळीत शहरातल्या मंडळींना सातपुड्याची आठवण होते. फराळ येतो, कपडे येतात, खोकी भरभरून जिन्नस येतात, आणि देणाऱ्यांचे मन खरोखर मोठे असते. पण त्या खोक्यांत तळाशी कधी कधी दुधाच्या भुकटीचे, माल्टच्या पेयाचे असे डबे असतात की ज्यांची तारीख देणाऱ्याच्या कपाटातच संपलेली असते. देणाऱ्याचा विचार सरळ असतो: फेकण्यापेक्षा कुणाच्या तरी पोटात जाईल.

इथेच घोटाळा आहे. मी माझ्या स्वयंपाकघरात उलटल्या तारखेचे सरबत पितो तेव्हा मी ते पाकीट कुठे होते हे जाणतो, वास घेतो, मन खाल्ले तर ओतून देतो. आणि पोट बिघडलेच तर कोपऱ्यावर डॉक्टर आहे. ज्याला आपण ते देतो त्याला यांतले काहीच नसते. त्याला नाही म्हणायची सोयसुद्धा नसते, कारण दिलेल्या वस्तूची तारीख पाहणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानतात. म्हणून हा नियम मी आमच्या आळीत सर्वांना सांगत असतो आणि मंडळी आता तो पाळूही लागली आहेत: शंका असलेली पूड प्यायची तर स्वतः प्यावी, नाहीतर मातीत टाकावी, दुसऱ्याला द्यायची ती मात्र ताजी, बंद आणि पुढे निदान चार-सहा महिने तारीख असलेली. आणि पाड्यावर पाठवायची असेल, तर खोक्यात सर्वांत वर जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. ती वजनाला हलकी, किमतीला हलकी, आणि वेळेला सोन्याहून मोलाची.